डिकी पाहून अंथरूण



अंथरूण पाहून पाय पसरावेत, असं आपल्याकडे लहानपणापासून शिकवतात. आज मी त्याच्या थोडं उलट सांगणार आहे. डिकी पाहून अंथरूण घ्यावं. विषय तसा किरकोळ वाटेल. लाखो रुपयांची आलिशान हायब्रिड गाडी घेणाऱ्याला डिकीत काय अंथरावं, हे का कुणी सांगायला हवं? मलाही असंच वाटत होतं. एका सकाळी मत बदललं.

आमच्या मेव्हण्यांनी अशी गाडी घेतली. उंच, ऐसपैस, पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली. होळीच्या सुट्टीत आम्ही सगळे दापोलीला गेलो आणि परतताना हर्णैच्या बंदरावर कोळंबी आणि सुरमई घेतली. थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून ते डिकीत ठेवलं. खाली मॅट होती. कुठल्याही गाडीला चालते म्हणून आणलेली आणि कात्रीनं कापून बसवलेली. ताम्हिणी चढताना खोक्याच्या बुडाला चीर पडली. पुण्यात पोचल्यावर मॅट पुसली, उदबत्ती लावली आणि विषय संपवला.

तीन आठवड्यांनी सासूबाईंना सकाळी डायलिसिसला न्यायचं होतं. मेव्हण्यांनी बटण दाबलं. एरवी समोर ‘रेडी’ अशी अक्षरं उजळतात, ती उजळेनात. डिकीचं विजेवर चालणारं दारही उघडेना. ‘‘भाऊजी, रिक्षा बघता का?’’ एवढंच ते म्हणाले. रिक्षा मिळाली, वेळ थोडक्यात साधली. पण भर रस्त्यात, घाटात, रात्री असं झालं असतं तर? हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

मेकॅनिकनं डिकीच्या कडेचा खळगा उघडून दाखवला. आत बारा व्होल्टची छोटी बॅटरी होती आणि तिच्या टोकांवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पुटं चढली होती. मासळीचं खारं पाणी मॅटच्या कडेवरून उतरून तिथं गेलं होतं.

इथं हायब्रिड गाडीची एक गंमत समजून घ्यायला हवी. तिच्यात दोन बॅटऱ्या असतात. मोठी बॅटरी चाकं फिरवायला मदत करते. २००५ साली अमेरिकेत आलेल्या लेक्सस आरएक्स ४००एचमध्ये ती २८८ व्होल्टची होती आणि मागच्या सीटखाली बसवलेली होती. पुढं २०१७ साली भारतात आलेल्या आरएक्स ४५०एचमध्येही तिची जागा मागच्या सीटखालीच. फोर्डच्या एस्केप हायब्रिडमध्ये मात्र ती डिकीच्या जमिनीखाली होती, तर व्होल्व्होच्या एक्ससी ९० टी८मध्ये गाडीच्या मधल्या बोगद्यात. छोटी बॅटरी नेहमीसारखी बारा व्होल्टची. गाडीतले संगणक जागे करणं आणि मोठ्या बॅटरीची वाट उघडणं हे काम तिचं. ती मेली, तर मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली असूनही गाडी हलत नाही. आणि अनेक हायब्रिड गाड्यांत ही छोटी बॅटरी बॉनेटखाली नसून डिकीत असते.

म्हणून पहिलं काम दुकानात जाण्याआधी घरी करायचं. गाडीबरोबर आलेलं पुस्तक उघडायचं. बहुतेकांचं ते प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरही आलेलं नसतं. त्यात तीन गोष्टी शोधा. छोटी बॅटरी कुठं आहे, मोठ्या बॅटरीला थंड हवा कुठून मिळते, आणि जॅक, हत्यारं, जादा चाक कुठं ठेवलंय.

यातली हवेची गोष्ट फार महत्त्वाची. बऱ्याच हायब्रिड गाड्यांत एक छोटा पंखा गाडीच्या आतली हवा ओढून मोठ्या बॅटरीवर सोडतो. त्या हवेसाठी जाळ्या असतात. कुठं सीटच्या पायथ्याशी, कुठं सीटच्या बाजूला, कुठं डिकीच्या भिंतीत. सीटच्या पाठीवरून खाली सोडायचं लांबलचक आच्छादन कुणी बसवलं आणि जाळी झाकली गेली, तर बॅटरी तापते. तापली की गाडी तिचा वापर कमी करते, ज्या बचतीसाठी एवढे पैसे मोजले ती बचतच जाते आणि बॅटरीचं आयुष्यही घटतं. जाळीसमोर हाताचे चार पंजे मोकळे राहिले पाहिजेत, असा मी माझ्यापुरता नियम केला आहे.

दुसरं काम मापाचं. दुकानदार याला ट्रे मॅट म्हणतो, कुणी बूट मॅट म्हणतं, वेष्टणावर कार्गो लायनर असं छापलेलं असतं. नाव काही असो, मागताना नुसतं गाडीचं नाव सांगू नका. मॉडेल, वर्ष, हायब्रिड की साधी, पाच आसनी की सात आसनी, हे सगळं सांगा. एकाच नावाच्या साध्या आणि हायब्रिड गाडीत डिकीची जमीन, कडेचे खळगे वेगळे असू शकतात.

तरीही खात्री करायची असेल, तर तुमच्या हातातल्या या रविवारच्या पुरवणीचा उपयोग करा. वर्तमानपत्राची पानं डिकीत पसरून चिकटपट्टीनं जोडा, कडेनं दुमडा आणि साचा तयार करा. चाकांच्या फुगवट्यांमधलं अंतर, दारापासून सीटच्या पाठीपर्यंतची लांबी आणि दोन्ही कर्ण मोजा. सीट मागं झुकवता येत असेल, तर सर्वांत मागं झुकवून लांबी घ्या. हा साचा दुकानात घेऊन जा आणि मॅटवर ठेवून पाहा. बोटभर फट दिसली, तर पाण्याला वाट मिळालीच म्हणून समजा.

तिसरी गोष्ट कडेच्या उंचीची. इथं थोडं गणित. एक मीटर लांब, एक मीटर रुंद डिकी धरा. तिच्यात एक लिटर पाणी सांडलं, तर सपाट जागी ते जेमतेम एक मिलिमीटर उंच राहतं. म्हणजे एक सेंटिमीटर कड असलेली मॅट दहा लिटर पाणी धरेल. ऐकायला छान वाटतं. पण गाडी घाट चढते तेव्हा सगळं पाणी दाराकडे धावतं. बारा फुटांना एक फूट असा चढ धरला, तर तीच एक सेंटिमीटरची कड अर्ध्या लिटरच्या थोडं वर पाणी धरते. बाकी सगळं बाहेर. कड पाच सेंटिमीटरची असेल, तर त्याच चढावर पंधरा लिटरच्या आसपास पाणी राहतं. आमची मॅट सपाट होती, तिला कडच नव्हती. तेव्हा हर्णैचं पाणी कुठं गेलं, हे वेगळं सांगायला नको.

बहुतेक मॅटना तीन बाजूंना उंच कड असते आणि दाराच्या बाजूला सामान सरकवायला सोपं म्हणून ती बुटकी ठेवतात. आपल्याला घाट चढायचे असतात. म्हणून नेमकी दाराकडची कड बघून घ्या. मात्र ती इतकीही उंच नको, की दाराच्या रबरी पट्टीत अडकेल. तसं झालं तर दार नीट बसत नाही आणि पावसाचं पाणी आत येतं. मॅट टाकल्यावर दार चार-पाच वेळा उघडून-मिटून पाहा. सीट पाडून पुन्हा उभी करा आणि खटका नीट लागतो का, तेही बघा.

चौथी गोष्ट पदार्थाची. गालिच्यासारखी मॅट दिसते सुंदर, पण पाणी पिते आणि पावसाळ्यात कुबट होते. स्वस्त पीव्हीसी उन्हात वास सोडतं. रबर टिकाऊ, पण जड, आणि त्यालाही वास. हल्ली टीपीई नावाचा पदार्थ मिळतो. रबरासारखा लवचीक, वजनाला हलका आणि वितळवून पुन्हा वापरता येणारा. महाग पडतो, पण वास कमी आणि आकार टिकतो. दुकानात नाक लावून बघायला लाजू नका. बंद गाडीत मे महिन्याच्या दुपारी तो वास चौपट होणार असतो. मॅटच्या खालच्या बाजूला बारीक दाणे आहेत का, तेही चाचपा. नाहीतर मॅटसकट सामान सरकतं. सामान बांधायच्या कड्या मात्र झाकल्या जाऊ नयेत. मॅट सामान घसरू देत नाही, पण जोराचा ब्रेक लागल्यावर जड खोकं अडवणं हे तिचं काम नव्हे. ते दोरीचं काम.

आणि एक कळकळीची सूचना. मॅट हलू नये म्हणून कुणी डिकीच्या जमिनीत स्क्रू मारायला निघालं, तर त्याचा हात धरा. हायब्रिड गाडीत नारिंगी रंगाच्या तारांतून जीवघेणा दाब वाहत असतो. कुठली तार कुठून गेली आहे, हे वरून दिसत नाही.

मेव्हण्यांनी शेवटी मापाची मॅट आणली. उंच कडांची, मधून दुमडणारी, म्हणजे खालची फळी उचलायला सगळी मॅट काढावी लागत नाही. महिन्यातून एकदा ते ती बाहेर काढून धुतात आणि डिकी उघडी ठेवून खालची जागा वाळवतात. बॅटरीची टोकं साफ करून घेतली. डिकीचं दार उघडत नसलं, तरी किल्लीच्या पोटातली छोटी किल्ली काढून पुढचं दार उघडता येतं आणि बॉनेटखालच्या वेगळ्या टोकाला दुसऱ्या बॅटरीची तार लावता येते, हेही ते शिकले. अनेक हायब्रिड गाड्यांत तशी सोय असते. तुमच्या गाडीत आहे का, ते त्याच पुस्तकात सापडेल.

परवा सासूबाई गाडीत बसताना मला म्हणाल्या, ‘‘जावईबापू, आता मासळी आणायला हरकत नाही ना?’’ मी म्हटलं, ‘‘आणू या की. पण झाकणाच्या डब्यात.’’

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)