राजा, देव आणि मधला कारभारी



मध्ययुगातील राजे आणि धर्मपीठे यांच्या झगड्यावर ज्या ऐतिहासिक कथा लिहिल्या गेल्या, त्यांवर बोला, असे व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी कळविले, तेव्हा आम्हांला प्रथम हसू आले. आमचे आयुष्य मोंढ्यात, हमाल-मापाड्यांच्या संघटनेत गेले. शाळा सातवीलाच सुटली. पुढचे सगळे वाचन पोत्यांच्या थप्पीला पाठ टेकून झाले, आणि त्यात कादंबऱ्या फार, कारण ग्रंथालयात त्याच फार होत्या. तेव्हा विद्वानाचे भाषण आज आपल्या वाट्याला नाही. पाठीवर ओझे घेणारा माणूस, ते कोणाचे आणि कोणी लादले, एवढे विचारतो. तेवढेच आम्ही या कथांना विचारणार आहोत.

या विषयातली सर्वांत गाजलेली कथा विलायतेतली आहे. दुसरा हेन्री राजा आणि त्याचा मित्र थॉमस बेकेट. बेकेट राजाचा मुख्य कारभारी, राजमुद्रा त्याच्या हाती. 1162 साली राजाने त्यालाच कँटरबरीचा आर्चबिशप केले. हिशेब सरळ होता : राज्याचा कारभारी आणि धर्माचा मुख्य एकच झाला, की कटकट मिटली. पण बेकेटने गादीवर बसताच राजमुद्रा परत केली. भांडण पेटले. 29 डिसेंबर 1170 रोजी राजाच्या चार सरदारांनी त्याला देवळातच मारले. 1174 साली त्याच राजाने अनवाणी जाऊन त्याच्या समाधीपुढे पाठीवर फटके खाल्ले.

यावर इलियटने 1935 साली नाटक लिहिले, आनुईने 1959 साली लिहिले. आनुईच्या नाटकावरचा 1964 चा इंग्रजी बोलपट आमच्या एका वकील स्नेह्याने आम्हांला दाखविला आणि दर दहा मिनिटांनी थांबवून अर्थ सांगितला. बेकेट खरा नॉर्मन, म्हणजे राज्यकर्त्यांच्या जातीचा. आनुईने त्याला जिंकलेल्या सॅक्सन लोकांपैकी केला; चूक कळल्यावरही तशीच राहू दिली. नाटक त्याशिवाय उभे राहत नाही, हे त्याला ठाऊक होते. आम्ही त्याला दोष देत नाही. आमची तक्रार निराळी आहे. राजा आणि साधू यांच्या मैत्रीचे आणि मानापमानाचे एवढे कौतुक होते, की 1164 साली नॉर्दॅम्प्टनच्या सभेत राजाने बेकेटकडे काय मागितले, हे प्रेक्षक घरी जाईपर्यंत विसरतो. राजाने त्याच्याकडे हिशेब मागितला होता! कारभारी असताना तुझ्या हातून जो पैसा गेला, तो कुठे गेला, सांग.

आता आपल्याकडे वळू. गुंजीकरांची 'मोचनगड' 1871 साली निघाली, तेव्हापासून मराठीत ऐतिहासिक कादंबरीला तोटा नाही. गड आहेत, फितुरी आहे, घोड्यांच्या टापा आहेत. पण राजा आणि धर्मपीठ समोरासमोर उभे आहेत अशी कथा फार थोडी. म्हणून काय आपल्याकडे तो झगडा नव्हता? तसे नव्हे. आपला धर्म एका पोपच्या हाती नव्हता. तो निर्णयपत्रांत होता, पैठणच्या सभेत होता, देवळाच्या पायरीवर होता. झगडाही तिथेच झाला, आणि कादंबरीच्या आधी तो लोककथेत गेला.

आपल्या शेजारचीच कथा घ्या. नरसी हे नामदेवांचे जन्मगाव मानतात. औंढ्याला नागनाथापुढे ते कीर्तनाला उभे राहिले, पुजाऱ्यांनी त्यांना मागे हाकलले, आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले. ही कथा आपण आईच्या मांडीवर ऐकली. नामदेवांची 61 पदे शिखांच्या ग्रंथसाहेबात आहेत, त्यांतल्या एका पदातही देऊळ फिरल्याचा प्रसंग आहे. म्हणजे ही कथा पंजाबपर्यंत चालत गेली. ज्ञानेश्वरांची कथाही त्याच घाटाची : शुद्धिपत्रासाठी पैठण, आणि रेड्याच्या तोंडी वेद. प्रभातचा 1940 चा 'संत ज्ञानेश्वर' आम्ही लहानपणी जत्रेच्या तंबूत पाहिला. रेडा बोलला तेव्हा तंबूतल्या बायांनी हात जोडले होते. आम्हीही जोडले.

पुढे मात्र मनात एक गोष्ट खटकू लागली. या दोन्ही कथांत राजा कुठे आहे? ज्ञानेश्वरीच्या शेवटी, शके 1212 म्हणजे 1290 साली, यादव रामचंद्राचे नाव आदराने आले आहे. तो देवगिरीला गादीवर होता. निर्णय पैठणला होत होते, आणि राजा कथेत नाही. मग राज्य आणि धर्म यांच्या मध्ये कोण होते?

तिथे हेमाद्री होता. आपला हेमाडपंत. पडके दगडी देऊळ दिसले की आपण त्याच्या नावावर लावतो. त्यांतली कित्येक त्याच्या आधीची आहेत. महादेव आणि रामचंद्र या दोन यादव राजांच्या पदरी तो श्रीकरणाधिप होता, म्हणजे दप्तरखान्याचा मुख्य. आणि 'चतुर्वर्गचिंतामणी' हा प्रचंड ग्रंथही त्याच्याच नावावर आहे : कोणत्या तिथीला कोणते व्रत, कोणाला काय दान, त्याचे फळ काय. मंडळी, विचार करा. राज्याची वही ज्याच्या हाती, देवाला काय द्यावे हे सांगणारी पोथीही त्याचीच. हेन्रीला इंग्लंडात जे साधले नाही, ते पुढे देवगिरीला साधले. पंढरपूरच्या चौऱ्याऐंशीच्या लेखात 1273 ते 1277 या सालांतल्या विठ्ठलाच्या देणग्या दगडावर कोरल्या आहेत. त्यात राजा रामचंद्राचे नाव आहे आणि हेमाडपंडिताचेही.

त्याच काळात चक्रधरस्वामी बायाबापड्यांना, कोणत्याही जातीच्या माणसाला, मराठीत धर्म सांगत फिरत होते. महानुभावांच्या परंपरेत त्यांच्या छळाशी हेमाडपंडिताचे नाव जोडलेले आहे. पोथ्यांचे पाठ एकसारखे नाहीत, म्हणून त्यावर आम्ही निकाल देत नाही. पण कादंबरीकाराला याहून मोठा विषय कोणता हवा? देवगिरीवर जे लिहिले जाते, ते बहुधा 1296 च्या अल्लाउद्दीनच्या स्वारीवर थांबते. त्या आधीच्या पंचवीस वर्षांत दप्तरखान्यातल्या दिव्याखाली काय लिहिले जात होते, ते कोणी पाहत नाही.

कन्नड लेखकाने पाहिले आहे. गिरीश कर्नाडांचे 'तलेदंड' 1990 चे. बिज्जल राजा कलचुरी घराण्याचा. आपल्या सोलापूर जिल्ह्यातले मंगळवेढे हे त्या घराण्याचे ठाणे. बसवेश्वर त्याचे भांडारी. आणि त्यांच्यावरचा आरोप कोणता? राजाच्या खजिन्यातला पैसा शरणांवर उधळला! विलायतेत, कल्याणला, देवगिरीला, जिथे जावे तिथे सिंहासन आणि देव यांच्या मध्ये हिशेबाची वही आहे, आणि लेखक मात्र बहुधा मुकुट आणि जपमाळ यांच्याकडे पाहत बसतो.

आमची नजर वहीकडेच का जाते, ते सांगायला हवे. नाहीतर आपण म्हणाल, युनियनवाल्याला सगळीकडे पगारपत्रकच दिसते.

आम्ही पंचविशीत असताना एका मोंढ्यात, गावाचे नाव नको, हमालीच्या दरासाठी काम बंद केले. मागण्यांच्या कागदावर सहावी मागणी होती : आठवड्याच्या हमालीतून 'धर्मादाय' म्हणून जे पैसे कापतात, त्यांचा हिशेब दाखवा. दरावर बोलणी होऊ लागली. सहाव्या मागणीवर मुनीम नुसता हसला आणि म्हणाला, "देवाचे आहेत." वही त्याने उघडली नाही. आम्ही अडून बसणार होतो. पण मालकांच्या आधी आमचीच माणसे कचरली. थप्पीवरच्या सर्वांत म्हाताऱ्या हमालाने आम्हांला बाजूला घेतले. "लेकरा, देवाच्या पैशाचा हिसाब मागतोस? पोराबाळांवर येईल." रात्रभर आम्ही वाद घातला. सकाळी आम्ही स्वतःच्या हाताने ती ओळ खोडली. दर वाढवून मिळाला, पेढे वाटले गेले, धर्मादाय कापला जात राहिला. चक्रधरांच्या मागे सगळे गाव का उभे राहिले नाही, हे आम्हांला त्या रात्री पोथीवाचून कळले.

दोन वर्षांनी तोच म्हातारा संध्याकाळी आमच्या खोलीवर आला. पागोटे मांडीवर ठेवून बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "गावातलं देऊळ बघून आलो. चारी बाजूंनी बघितलं. आपला पैसा कुठं लागला ते काही दिसलं नाही. तो कागद हाय का रे तुझ्यापाशी?"

कागद होता. आम्ही काढून दिला. त्याला वाचता येत नव्हते; म्हणून खोडलेली ओळ त्याने बोटाने दाखविली आणि आम्हांला मोठ्याने वाचायला लावली.