सावित्री नदीचा पाठ

नदीचा पाठ पुस्तकातील नकाशापासून न आरंभता गावच्या वहाळापासून आरंभावा, हे तत्त्व नाते परिसरातील शाळांस विशेष लागू पडते. रायगडाच्या दोन अंगांनी काळ व गांधारी या नद्या वाहतात. गांधारी महाडजवळ सावित्रीस मिळते, तर काळ पुढे दासगावच्या बाजूस मिळते. शाळेच्या कौलांवरून ओघळणारे पाणी कोठे जाते, या प्रश्नाचे उत्तर सावित्री हेच होय.

सावित्री व कृष्णा या दोघींचा उगम महाबळेश्वरचा. कृष्णा पूर्वेस वळून सुमारे १,४०० किलोमीटर वाहते व बंगालच्या उपसागरास मिळते. सावित्री मात्र पश्चिमेचा कडा उतरून पोलादपूर, महाड या मार्गे सुमारे १०० किलोमीटरांतच बाणकोट व हरिहरेश्वर यांच्या दरम्यान अरबी समुद्र गाठते. हे समजले म्हणजे ‘जलविभाजक’ हा शब्द घोकून घ्यावा लागत नाही.

पूर्वी भरतीच्या पाण्यावर गलबते महाडपर्यंत येत. त्यामुळे महाड व्यापाराची पेठ झाले. गांधारपाल्याची बौद्ध लेणी याच संगमाजवळ कोरली गेली, आणि १६७४ साली ज्या रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला, त्याच्या पायथ्याचा मुलूखही याच खोऱ्यातला.

परंतु जी भरती गलबते आणी, तीच पुराच्या वेळी पाण्याची वाट अडविते. डोंगरावरील मुसळधार पाऊस काही तासांत खाली येतो, आणि समुद्रास भरती असल्यास पाणी महाडात तुंबते. २००५ व २०२१ सालचे महापूर सर्वांच्या स्मरणात आहेत. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महामार्गावरील ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला व एस. टी. गाड्यांसह अनेक प्रवासी नदीत पडले. २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे दरड कोसळून वस्तीच गाडली गेली.

म्हणून पावसाळ्यापूर्वी शिक्षकांनी मुलांकडून गावचा नकाशा काढवून घ्यावा. वडीलधाऱ्यांस विचारून पुराची पाणरेषा, उंचावरील सुरक्षित घरे व दरडीखालील वाटा त्यात दाखवाव्या. भरतीच्या वेळा फळ्यावर लिहाव्या. डोंगरास नवी भेग दिसली, वा झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर घरच्यांस तत्काळ सांगावे, हे मुलांच्या मनावर ठसवावे. एखाद्या रात्री त्या एका सांगण्यानेच घरची माणसे वाचतील. नदीच्या पाठाचे सार्थक त्यातच आहे.