पासपोर्ट आपल्याच हाती
(कार्यकर्ता शिबिरातील भाषण)



आखातात घरकामाला निघालेली मुलगी सल्ल्याला येते, तेव्हा नुसते ‘जाऊ नकोस’ म्हणून भागत नाही. दहावी न झालेल्या बाईच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ अशी नोंद असते. सौदी, कुवेत, ओमानसह १८ देशांत नोकरीला जाताना तिला सरकारी परवानगी लागते. घरकामासाठी ३० वर्षांखालील बाईला ती मिळत नाही. नियम संरक्षणासाठी केलेला, पण पोटाची गरज थांबत नाही. मग दलाल तिला पर्यटक व्हिसावर पाठवतो. तिथे ती कागदोपत्री कामगारच नसते. पगार बुडाला, मारहाण झाली, तर दाद मागायची कुठे?

म्हणून तिच्यासोबत बसून कागद तपासू या. व्हिसा कामाचाच आहे ना? भरती करणाऱ्या संस्थेची सरकारी नोंदणी आहे ना? करारात पगार, सुट्टी, मालकाचा पत्ता आहे ना? सगळ्याच्या प्रती घरी आणि संघटनेत ठेवू या. भारतीय दूतावासाचा फोन तिला पाठ हवा. १९६७च्या कायद्यानुसार पासपोर्ट भारत सरकारच्या मालकीचा आहे. तो काढून घेण्याचा हक्क मालकाला नाही.

बंदीने बाई सुरक्षित होत नाही. माहिती आणि पाठीशी उभ्या बायका, हेच तिचे खरे संरक्षण.