उकिरड्याचे पांग

पत्रिकेवर विषय छापलाय ‘कचरा डेपो ते उद्यान’. मी मात्र मातीवर बोलणार आहे. बागेचा आराखडा निघाला की आधी कारंजं येतं, मग हिरवळ, मग फोटोची कमान. मातीचं नाव कुणी काढत नाही.

सावेडी आणि बुरूडगावच्या डेपोंबद्दल नगरकरांना मी काय सांगणार? पुढं जाऊ.

मुंबईत धारावीला लागून, मिठी नदीच्या काठी महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. ३७ एकर. १९७७पर्यंत तिथं शहराचा कचरा पडायचा. उद्यान खुलं झालं १९९४ला. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात. (हशा) हसा, पण इथं १७ लागली, आणि ती लागणारच होती.

वर माती ओढली म्हणून कचरा स्वस्थ बसत नाही. आत हवा नसते, कुजणं चालू राहतं आणि वायू सुटतो. त्यात निम्म्याच्या आसपास मिथेन. तो वर येताना मातीतला प्राणवायू हुसकावतो, मुळं गुदमरतात. रोप वाळलं की बोलणी माळ्याला. पावसाचं पाणी आतून झिरपून काळं होतं, ते विहिरींपर्यंत जाऊ शकतं. शिवाय जमीन खचते, तीही सगळीकडे सारखी नाही.

माझं आजोळ पारनेर तालुक्यातलं. तिथल्या उकिरड्यात शेण, राख, गोठ्यातलं उष्टं-माष्टं पडायचं. फुटकी बांगडी पडलेली दिसली तर आजी आम्हा पोरांना ती वेचायला लावायची. “रानात पाय कापंल कुणाचा तरी,” म्हणायची. काचा वेगळ्या गाडग्यात. पावसाआधी ते खत बैलगाडीनं शेतात जायचं, आम्ही वर बसून. गाडी ओढ्यात रुतायची, सगळे ढकलायला... असो, लांबलं. सांगायचं एवढंच की त्या ढिगाची माती व्हायची, कारण त्यात काय जातं यावर आजीची नजर होती. डेपोच्या ढिगात प्लास्टिक आहे, काच आहे, बॅटऱ्या आहेत. तो आधी खणून, चाळून वेगळा करायचा, किंवा नीट झाकून वायूच्या नळ्या नि पाण्याचे चर काढायचे. मग वर स्वच्छ माती.

चिठ्ठी आली आहे: “प्यायला पाण्याची ओढ, बागेला कुठून आणणार?” अहो, मुळा धरणाचं पाणी हिरवळीला घाला असं मी म्हणालोच नाही! पहिली काही वर्षं मारवेल, पवन्या असं आपलं गवत येऊ द्या. मातीचा थर पुरेसा असेल तिथंच पुढं करंज, कडुनिंब. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार ज्या जिल्ह्यात आहेत, त्याला मातीसाठी थांबायला मी शिकवायला नको.

दुसरी चिठ्ठी अध्यक्षांची, वेळ संपल्याची. न्यू यॉर्कच्या फ्रेश किल्सवर बोलायचं होतं. २००१ला तिथं कचरा टाकणं थांबलं आणि २,२०० एकरांचं काम अजून टप्प्याटप्प्यानं चाललंय. ते राहू द्या.

उद्यानाची निविदा निघेल तेव्हा मातीचा थर किती, वायूच्या नळ्या कुठं, काळ्या पाण्याची तपासणी किती वर्षं आणि कुणी करायची, हे त्यात शोधा. नसेल तर लेखी हरकत द्या, पोच घ्या. मसुदा मी आत्ताच सांगतो, वह्या काढा.