साठ हजारांची पुडी
(मंडळीच्या आरोग्य सभेत केलेले भाषण)



सभेआधी तुम्ही चिठ्ठ्यांवर जे प्रश्न दिलेत, त्यांत ड जीवनसत्त्वाचे प्रश्न सर्वांत जास्त आहेत. काहींनी तर असे विचारले आहे, की या पुड्यांची पेटी विकत घेऊन आदिवासी पाड्यांवर वाटायला पाठवू का? त्यामागचे मन मोठे आहे. पण आधी ही पुडी म्हणजे काय ते पाहू.

ड जीवनसत्त्व आपली कातडी उन्हात स्वतः तयार करते. पुढे यकृत आणि मूत्रपिंडे त्याला कामाचे रूप देतात, आणि मग जेवणातले कॅल्शियम आतड्यातून रक्तात नीट उतरते. ते फारच कमी पडले तर मोठ्या माणसांचीही हाडे मऊ होतात. कंबर, बरगड्या, मांड्या दुखतात. उकिडवे बसले की हाताचा टेकू घेतल्याशिवाय उठवत नाही. हे दुखणे "वाताचे" समजून वर्षानुवर्षे वेदनाशामक गोळ्या खाणारे पुष्कळ आहेत. त्यांना हे औषध खरोखर गुण देते.

आता हिशेब करा. निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ६०० युनिट पुरतात. पुडीत असतात ६०,०००. म्हणजे एका पुडीत शंभर दिवसांचा शिधा! कमतरता ठरली, तर डॉक्टर बहुधा आठवड्याला एक अशा आठ पुड्या देतात, आणि नंतर मात्रा कमी करतात. आपल्याकडे गडबड होते ती इथेच. चिठ्ठी जपून ठेवली जाते, नववी पुडी येते, मग विसावी, मग शेजारणीलाही एक. हे जीवनसत्त्व चरबीत साठते, लघवीवाटे सहज निघून जात नाही. फार झाले की रक्तातले कॅल्शियम वाढते: तहान, मळमळ, बद्धकोष्ठ, भ्रम, आणि शेवटी मूत्रपिंडांना इजा.

एकदाच मोठा डोस घेऊन मोकळे व्हावे, असेही अनेकांना वाटते. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या स्त्रियांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट देऊन पाहिले. २०१० साली निष्कर्ष आले. पडणे आणि हाड मोडणे कमी व्हायचे सोडून वाढलेच. अमेरिकेत सुमारे सव्वीस हजार लोकांच्या अभ्यासात, रोज २००० युनिट घेणाऱ्यांत कर्करोग, हृदयविकार किंवा अस्थिभंग कमी झाले नाहीत. हे लोक कमतरता पाहून निवडलेले नव्हते, हे ध्यानात ठेवा. ज्याला उणीव नाही, त्याला जास्तीचे घेऊन लाभ दिसला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मग कोणाला द्यावे? पंचाहत्तरीपुढच्यांना, गरोदर स्त्रियांना, अंथरुणाला खिळलेल्यांना, घराबाहेर न पडणाऱ्यांना. फिटच्या काही गोळ्या आणि क्षयाचे रिफाम्पिसिन हे जीवनसत्त्व लवकर संपवतात, म्हणून त्या रुग्णांकडेही लक्ष हवे. मात्र क्षयाच्या काही रुग्णांत कॅल्शियम आधीच वाढलेले असते. तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मूतखडा होऊन गेलेल्यांनीही विचारूनच घ्यावे.

पाड्यावरची बाई भर दुपारी भाताची लावणी करते, नाचणीची भाकरी खाते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. ऊन तर तिच्या वाट्याला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. सरसकट पुड्या तिला कशाला? पुडीची गरज आहे ती झोपडीत पडून असलेल्या म्हातारीला, वर्षानुवर्षे फिटच्या गोळ्या खाणाऱ्या तरुणाला. ही माणसे पेटी पाठवून सापडत नाहीत, घरोघर जावे लागते. पेटीचे पैसे परिचारिकेच्या प्रवासाला आणि रक्ततपासणीला द्या. उरलेल्या, मुदत संपत आलेल्या पुड्या तर मुळीच पाठवू नका.

आणि आपल्यासाठी? सकाळी सातचे कोवळे ऊन सुखाचे असते, पण त्यात हे काम फारसे होत नाही. बंद खिडकीच्या काचेआड तर होतच नाही. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल त्या वेळी हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ बाहेर राहा, कातडी भाजेपर्यंत नव्हे.

सभेनंतर मी इथेच थांबणार आहे. आठ आठवडे उलटूनही पुडी चालू ठेवलेल्यांनी आधी या, जुने रिपोर्ट असतील तर तेही दाखवा.