शनिवारचं जेवण

(काळेवाडी येथे विद्यार्थी सेवेला मदत करणाऱ्या कुटुंबांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



पाळकसाहेबांनी मला विषय दिला आहे, ‘विद्यार्थ्यांमधील सेवा आणि कौटुंबिक जीवन’. वेळ वीस मिनिटं. मला व्यासपीठावर बोलायची सवय कमी आहे. माझी सेवा चालते ती कॉलेजच्या गेटबाहेर चहाच्या टपरीवर, झेरॉक्सच्या दुकानात आणि आमच्या स्वयंपाकघरात. कॉलेजच्या आवारात मी सभा घेत नाही. मुलं तिथं शिकायला आलेली असतात, आणि त्यांच्या वर्गात शिरून धर्म सांगणं मला पटत नाही. त्यामुळे आपल्या पत्रकात माझ्या नावापुढे ‘कॅम्पस मिनिस्टर’ छापलेलं असलं तरी काळेवाडीत मला तसं कोणी ओळखत नाही. मुलं मावशी म्हणतात. खालच्या किराणावाल्याला वाटतं, मी मेस चालवते.

ही मुलं कोण, हे नव्या मदतनिसांसाठी थोडक्यात सांगते. बरीचशी नंदुरबार जिल्ह्यातली. धडगाव, अक्कलकुवा, शहादा, नवापूर. आडनावं पावरा, वळवी, वसावे, पाडवी. काही जुन्नर-आंबेगावकडची, महादेव कोळी आणि ठाकर. कोणी मोरवाडीच्या आयटीआयला, कोणी डिप्लोमाला, मुली बहुतेक नर्सिंगला. शासकीय वसतिगृहात ज्यांचा नंबर लागत नाही, त्यांच्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. तिच्यात पुणे-पिंपरीसारख्या मोठ्या शहरासाठी वर्षाला 60,000 रुपये ठरवले होते. त्यांतले 32,000 जेवणाचे, 20,000 राहण्याचे आणि 8,000 किरकोळ खर्चाचे. आता तुम्हीच हिशेब करा. वीस हजारांत बारा महिने काळेवाडीत खोली कोण देतो? चौघे मिळून दहा बाय दहाची खोली घेतात. शिवाय पैसे येतात हप्त्यांनी, आणि घरमालक मात्र दर पाच तारखेला दारात उभा. ‘बॅचलर नको’ ऐकून झालं की पुढचा प्रश्न असतो, गाव कुठलं? धडगाव म्हटलं की समोरच्याचा चेहरा बदलतो. हे मी या मुलांबरोबर खोल्या शोधत फिरले आहे म्हणून सांगते.

आणि एक गोष्ट. यांचा मोठा सण होळी. दिवाळीला कॉलेजला पंधरा दिवस सुट्टी असते, तेव्हा निम्मी मुलं कामं धरून इथंच राहतात. होळीला सुट्टी एक दिवस. काठीची होळी, ढोल, रात्रभरचं नाचणं, सगळं घरी चाललेलं, आणि मुलगा इथं पाचपीर चौकात मोबाइलवर व्हिडिओ बघत बसलेला. मी पहिल्या वर्षी त्यांना नाताळला बोलावलं आणि होळीला विचारलंसुद्धा नाही. दुसऱ्या वर्षी शहाणपण आलं.

शनिवारचं जेवण 2018 मध्ये सुरू झालं. त्या जुलैत आदिवासी वसतिगृहांतली मुलं जेवणाच्या पैशांच्या प्रश्नावर पुण्याहून नाशिककडे पायी निघाली होती. त्यांचं म्हणणं होतं, खात्यात पैसे नकोत, मेसच हवी. पेपर वाचून मी आमच्या मिस्टरांना म्हटलं, आपल्या गल्लीत अशी किती असतील? ते म्हणाले, मोजत काय बसतेस, बोलाव. बोलावलं. चौघे आले. वर्षभरात नऊ-दहा झाले.

घर आमचं दोन खोल्यांचं. मिस्टर चाकणला कंपनीत, तीन शिफ्टमध्ये. थर्ड शिफ्ट असली की ते दिवसा आतल्या खोलीत झोपतात, आणि बाहेर दहा मुलं कुजबुजत जेवतात. पाणी 2019 पासून दिवसाआड. शनिवार बिनपाण्याचा आला तर भांडी रविवारी, उपासनेहून आल्यावर. लूककृत शुभवर्तमानात मार्थेची गोष्ट वाचली की पुरुष उपदेशक मरीयेची बाजू घेतात. घ्या बापडे. पण त्या दिवशी बेथानीत किती माणसं जेवायला होती, हे कोणी विचारत नाही.

बेत ठरलेला. भात, उडदाची डाळ, अंड्याचा रस्सा, भाकरी. आणि जेवणाआधी उपासना-संगीतातलं एक गीत, वचन, प्रार्थना. हा क्रम मी कधी ठरवला नाही. मी मिशनच्या बोर्डिंगमध्ये वाढले. ताटापुढे बसायचं, हात जोडायचे, मग घास, हे माझ्या हाडात आहे. त्यात विचार करण्यासारखं काही असेल असं मला कधी वाटलंच नाही.

आता ज्यासाठी मी बोलायला तयार झाले, ते सांगते. त्या मुलाचं नाव सांगत नाही. धडगाव तालुक्यातला, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होता. वर्षभर एकही शनिवार त्याने चुकवला नाही. गीत सगळ्यांत मोठ्याने तोच म्हणायचा. प्रार्थनेत डोळे घट्ट मिटायचा. मी तिमाही अहवालात लिहिलं होतं, एक तरुण विश्वासाच्या जवळ आला आहे, त्याच्यासाठी प्रार्थना करावी. तुमच्यापैकी काहींनी केलीही असेल.

एका शनिवारी तो एका नव्या मुलाला घेऊन आला. मी आत परातीत पीठ मळत होते. आमचं स्वयंपाकघर आणि चपला काढायची जागा यांत एकच भिंत. बाहेर तो त्या नव्याला समजावून सांगत होता. आधी खाली बसायचं. गाणं म्हणतात ते म्हणायचं, येत नसेल तर नुसते ओठ हलवायचे. मग डोळे मिटायचे, मावशी आमेन म्हणेपर्यंत उघडायचे नाहीत. मग जेवण मिळतं.

त्यात चेष्टा नव्हती. बसचं तिकीट कुठं काढायचं हे सांगावं, तसं तो सांगत होता. चेष्टा असती तर मला राग आला असता आणि बरं वाटलं असतं.

त्या दिवशी मी प्रार्थना घेतली की नाही, मला आठवत नाही. घेतलीच असणार.

मिस्टरांची सेकंड शिफ्ट होती. रात्री एकला ते आले, तोवर मी जागी होते. सगळं सांगितलं. ते बूट काढत होते. म्हणाले, मग आधी जेवायला वाढ. मी म्हटलं, जेवल्यावर प्रार्थनेला कोण थांबेल? ते म्हणाले, तेच कळेल ना.

तुम्हाला वाटेल, मी लगेच ऐकलं. नाही ऐकलं. दोन आठवडे मी स्वतःशी वाद घातला. आपण खोटं तर काही सांगत नाही, जबरदस्ती करत नाही, कोणी ओठ हलवत असेल तर एक दिवस ते शब्द आतही जातील, वगैरे. ईश्वरविज्ञानाच्या पदविकेत असे युक्तिवाद करायला चांगलं शिकवतात. मग मुलीशी बोलले. ती तेव्हा दहावीत होती. ती म्हणाली, “आई, हे मला केव्हापासून माहीत होतं.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“तू रिपोर्ट लिहीत होतीस.”

त्याच बोलण्यात दुसरं निघालं. तिच्या शाळेच्या पालकसभेला मी दोनदा गेले नव्हते. एकदा एका मुलीच्या जात पडताळणीच्या कागदांसाठी धावत होते, एकदा वायसीएम हॉस्पिटलमध्ये एका मुलाच्या उशाशी होते. दोन्ही कामं खरी होती. पण ती म्हणाली, “त्यांना तू मावशी आहेस. मला आई आहेस की कॅम्पस मिनिस्टर?” आमच्याकडे अभ्यासाला टेबल एकच, आणि शनिवारी त्याच्यावर पातेली. ती वर्षभर शनिवारचा अभ्यास गच्चीच्या जिन्यात बसून करत होती. मला वाटायचं, तिला मोकळी हवा आवडते.

त्या दिवसांत मी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ परत काढून वाचली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये झाला. लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. त्या स्वतःच्या मनाने 1900 मध्ये ख्रिस्ती झाल्या, मध्ये पाच वर्षं गेली. हे आपण सगळे अभिमानाने सांगतो. पण या खेपेला माझं लक्ष त्यांच्या घराकडे गेलं. त्या वेळच्या अहमदनगरला टिळक ईश्वरविज्ञान शाळेत शिकवायचे, आणि घरात सदा कोणी ना कोणी. टिळक माणूस घेऊन यायचे, घरात काय शिजलंय याची चौकशी नंतर. ती निस्तरायची कोणी, हे लक्ष्मीबाईंनी हसत हसत लिहिलं आहे, पण लिहिलं आहे. त्याच घरी एक कवी मुलगा राहिला, त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी. खानदेशातलाच, धरणगावचा. 1907 च्या जळगावच्या कविसंमेलनात तो टिळकांच्या नजरेत भरला. लक्ष्मीबाईंनी त्याला घरच्या मुलासारखं वागवलं. 1918 मध्ये भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली तो गेला, तेव्हा त्याचं वय अठ्ठावीससुद्धा नव्हतं.

तो ख्रिस्ती झाला नाही. टिळकांच्या घरी जेवला, राहिला, कविता केल्या, आणि होता तसाच राहिला. टिळक काही लहानसहान सुवार्तिक नव्हते! त्यांच्या घरात त्या मुलाला असं कधी वाटलं असेल का, की आधी डोळे मिटायचे आणि मग जेवण मिळतं?

पुढच्या शनिवारी मी आधी पानं वाढली. जेवताना एकट्याने मनातल्या मनात उपकार मानले. जेवण झाल्यावर सांगितलं, आता आम्ही घरचे प्रार्थना करणार आहोत, ज्याला जायचंय त्याने खुशाल जावं, पुढच्या शनिवारी जेवायला या. मुलांनी एकमेकांकडे बघितलं. कोणाला खरं वाटेना. मग एक उठला, त्याच्यामागे दुसरा. नऊपैकी सात गेले. तो मुलगाही गेला. दोघी नवापूरच्या मुली थांबल्या, त्या मुळातच ख्रिस्ती घरच्या. आणि आमची मुलगी.

अहवालाच्या छापील तक्त्यात ‘उपस्थिती’ असा एक रकाना असतो. आधीच्या तिमाहीत नऊ, या तिमाहीत दोन. मी दोन लिहिले. फोन आला, विचारणा झाली, आणि ते बरोबरच आहे, कारण पैसे देणाऱ्यांना विचारायचा हक्क आहे. मी सांगितलं, ताटं नऊच लागतात.

प्रभूने दहा कुष्ठरोग्यांना बरं केलं आणि परत आला एक. बाकीचे नऊ कुठं आहेत, असं प्रभूने विचारलं खरं. पण त्या नऊ जणांचं कोड त्याने परत आणलं नाही. माझं सगळं ईश्वरविज्ञान सध्या या एका गोष्टीवर उभं आहे.

तो मुलगा तीन आठवडे आला नाही. चौथ्या शनिवारी आला, जेवला, न सांगता पातेली घासली, आणि प्रार्थनेआधी निघाला. डिप्लोमा संपेपर्यंत असंच चाललं. आता तो चाकणला नोकरीला आहे, निघोज्याला राहतो. होळीला गावी जाऊन आला की उडदाची डाळ आणून देतो, पाच-सहा किलो, गोणपाटात बांधलेली. प्रार्थनेला तो एकदाही थांबलेला नाही. मला वाईट वाटतं, तुमच्यापुढे खोटं कशाला बोलू. मी त्याच्यासाठी रोज प्रार्थना करते, फक्त त्याला ऐकवून करत नाही.

घरात आम्ही एक बदल केला. गुरुवारी आमचं दार बंद. फोन कपाटात. त्या दिवशी टेबल मुलीचं, आणि चौकशी फक्त तिची. पहिल्या गुरुवारी दोघांनी बेल वाजवली, आम्ही उघडलं नाही, आणि मला भात गिळेना. आता जमतं. कोणाला दवाखान्यात न्यायचं असेल तर मिस्टरांचा नंबर मुलांकडे आहे. शनिवारी मुलगी आता जिन्यात जात नाही. तुमच्यापैकी एका कुटुंबाने त्यांच्याकडची एक खोली शनिवारी दुपारी वापरायला दिली आहे, पातेली तिकडे जातात.

पाळकसाहेब घड्याळाकडे बघताहेत. दोन गोष्टी मागते आणि बसते. जूनपासून नवी मुलं येतील. ज्यांच्याकडे भाड्याची खोली आहे, त्यांनी धडगावच्या पोरांना एकदा भेटल्याशिवाय नाही म्हणू नये. आणि स्वयम् योजनेचे व पडताळणीचे अर्ज आता ऑनलाइन भरायचे असतात. ज्यांना कॉम्प्युटर येतो अशा दोघांनी आठवड्यातून एक संध्याकाळ द्यावी, गुरुवार सोडून. पाच किलोचा जुना कुकर कोणाकडे पडून असेल तर तोही चालेल. आमच्याची शिट्टी गेली आहे.