दातांतील जुनी चांदी : काढावी की राहू द्यावी?



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी घरोघरी उपस्थित होणारा आरोग्याचा एक प्रश्न विचारार्थ ठेवणे उचित ठरेल. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या अनेक श्रावक-श्राविकांच्या दाढांत तरुणपणी भरलेली काळसर ‘चांदी’ आहे. तीत पारा असतो हे कानी आले की मन शंकित होते आणि सर्व दाढा एकदमच पांढऱ्या करून घ्याव्यात, असा विचार बळावतो. अशा वेळी भीतीपेक्षा विवेकाची गरज अधिक असते.

या भरणास अमॅल्गम म्हणतात. चांदी, कथील व तांबे यांची पूड पाऱ्यात कालवून ते तयार होते. त्यात वजनाने सुमारे निम्मा पारा असतो. ते स्वस्त, टिकाऊ आणि चावण्याचा भार सोसणारे असल्यामुळे दीडशेहून अधिक वर्षे वापरले गेले. धातूंशी बांधलेल्या पाऱ्याची अल्पशी वाफ चर्वणाच्या वेळी सुटते, हेही खरे आहे. म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये गर्भवती व स्तनदा माता, सहा वर्षांखालील मुले आणि मूत्रपिंडाचे वा मज्जासंस्थेचे विकार असलेले रुग्ण यांच्यासाठी नवे अमॅल्गम शक्यतो टाळण्यास सांगितले. परंतु सुस्थितीतील जुने भरण वैद्यकीय कारणावाचून काढू नये, असेही त्याच सूचनेत म्हटले आहे. कारण ते कोरून काढताना पाऱ्याची वाफ तात्पुरती वाढते आणि दाताचा निरोगी भागही थोडा झिजतो.

मग बदलावे केव्हा? भरणाच्या कडेला फट पडून आत पुन्हा कीड लागली असेल, भरण तुटले असेल, दाताला तडा गेला असेल, तर अवश्य बदलावे. गर्भवतीने निकड नसल्यास प्रसूतीनंतरच हे काम करावे. काढताना रबराचा पडदा, पाण्याचा फवारा व जोरदार शोषणनळी वापरली जाते काय, हे दंतवैद्यांना निःसंकोच विचारावे.

त्याजागी बहुधा कंपोझिट भरतात. राळ व काचेचे सूक्ष्म कण यांचे हे मिश्रण थर देऊन निळ्या प्रकाशाने कठीण करतात. ते दाताला चिकटते, म्हणून दात कमी कोरावा लागतो. मात्र त्यावेळी दात पूर्ण कोरडा असावा लागतो, वेळ व खर्चही अधिक लागतो. ग्लास आयोनोमर हा दुसरा पर्याय फ्लोराइड सोडतो, पण दाढेवरील मोठ्या भाराला तो तितका टिकत नाही.

या प्रश्नाला अहिंसेचीही बाजू आहे. चिकित्सालयाच्या सांडपाण्यातून गेलेला पारा जलाशयात पोहोचतो. तेथील सूक्ष्म जिवाणू त्याचे अधिक विषारी रूप करतात आणि ते जलचरांच्या देहात साठत जाते. जपानमधील मिनामाटा येथे १९५६ मध्ये उघड झालेल्या कारखानी पाऱ्याच्या विषबाधेने जगाला हा धडा दिला. त्या गावाचे नाव धारण करणारा आंतरराष्ट्रीय करार २०१७ मध्ये अमलात आला. भारताने २०१८ मध्ये त्यास मान्यता दिली. २०२५ मध्ये जिनिव्हा येथील परिषदेत दंतचिकित्सेतील अमॅल्गमचा वापर २०३४ पर्यंत संपविण्याचे ठरले. काढलेले तुकडे गटारात न सोडता वेगळे साठविणारा दंतवैद्य नकळत जीवदयाच पाळत असतो.

शेवटी, भरण चांदीचे असो वा पांढरे, दात न किडणे हेच श्रेयस्कर. दिगंबर मुनींच्या २८ मूलगुणांत अदंतधावन आहे. श्रावकाला मात्र तो नियम नाही. चौविहार पाळणाऱ्यांनी सायंभोजनानंतर, सूर्यास्तापूर्वीच दात घासून चुळा भराव्यात. व्रतही अखंड राहील आणि अन्नकणही रात्रभर दातांत राहणार नाहीत. जे सुस्थितीत आहे त्याला विनाकारण धक्का लावू नये आणि जे बिघडले आहे त्याची उपेक्षा करू नये, हाच यत्नाचार होय.

जय जिनेंद्र!